नातवाचा खुबा आणि आजोबांची चालढकल

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या आवारात झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर. वेळेअभावी बोलायचे राहून गेलेले दोन-तीन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



समितीने मला ‘निवृत्तीनंतरची गुंतवणूक’ हा विषय दिला होता. ३६ वर्षं बँकेत काढल्यामुळे हा माणूस दुसरं काय बोलणार, असं समितीला वाटलं असेल. पण तो विषय मी दर रविवारी खालच्या बाकावर बसून फुकट सांगतोच. तुम्ही सगळे शांतपणे ऐकता आणि शेवटी मुदत ठेवच करता. तेव्हा आज मी समितीची परवानगी घेऊन विषय बदलला आहे. लहान मुलांच्या खुब्याचा एक आजार, त्यावरच्या शस्त्रक्रिया आणि त्या वेळी माझ्या हातून झालेली एक चूक, हा माझा विषय.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. जे सांगणार आहे ते डॉक्टरांना विचारून, वाचून आणि घरात सोसून शिकलेलं आहे. माझ्या सांगण्यावरून कुणी उपचार ठरवू नये. पण कुणी डॉक्टरांकडे लवकर गेलं, तर माझ्या बोलण्याचं सार्थक झालं.

विषय सुचण्याचं कारण घडलं गेल्या गणपतीत. लेझीमचा सराव चालू होता आणि एक सहा-सात वर्षांचा मुलगा पाय ओढत नाचत होता. मी त्याच्या आजीला विचारलं. त्या म्हणाल्या, “अहो, नखरे आहेत. शाळा बुडवायची असली की पाय दुखतो.” माझ्या छातीत धस्स झालं, कारण बारा वर्षांपूर्वी हेच वाक्य मी बोललो होतो. त्या मुलाला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं. सुदैवाने सर्दी-तापानंतर सांध्याला आलेली साधी सूज निघाली आणि पंधरा दिवसांत तो पळायला लागला. आमचं नशीब तेवढं सरळ नव्हतं.

ही २०१२ सालची गोष्ट. नातू तेव्हा आठ वर्षं चार महिन्यांचा. मे महिन्याच्या सुट्टीत संध्याकाळी खेळून वर आला की म्हणायचा, “आजोबा, गुडघा दुखतो.” रात्री तेल चोळलं की झोपायचा आणि सकाळी पुन्हा खाली. मी निदान करून टाकलं, वाढीचं दुखणं. आता मला ठाऊक आहे की वाढीचं दुखणं बहुधा दोन्ही पायांत असतं, रात्री असतं आणि त्यात मूल लंगडत नाही. आमचा तर जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर चक्क लंगडायला लागला. जेवताना मांडी घालून बसला की त्याचा उजवा गुडघा वरच राहायचा. सौभाग्यवती म्हणाली, “याची मांडी नीट पडत नाही.” मी म्हटलं, “टेबलावर जेवायची सवय. दुसरं काय?”

शेवटी एका डॉक्टरांना दाखवलं. गुडघा दुखतो म्हणून आम्हीच सांगितलं, त्यांनी गुडघ्याचा एक्स-रे काढला. तो अगदी स्वच्छ आला. क्रेप बँडेज बांधून परत पाठवलं. त्यातही तीन आठवडे गेले.

दुखण्याची जागा ओळखली ती आपल्या बी विंगमधल्या सिस्टरताईंनी. सरकारी रुग्णालयात त्यांची सगळी नोकरी झालेली. गॅलरीतून त्यांनी याला शाळेतून येताना पाहिलं आणि सरळ आमच्या घरी आल्या. याला दिवाणावर उताणं झोपवलं, दोन्ही गुडघे दुमडून तळवे जुळवले आणि म्हणाल्या, “आता फुलपाखरासारखे पाय उघड.” डावा गुडघा गादीला टेकला. उजवा अर्ध्यातच अडला. त्या म्हणाल्या, “गुडघ्याचा नाही, खुब्याचा फोटो काढा. आणि उद्याच काढा.” खुब्याच्या आणि गुडघ्याच्या काही नसा सामाईक असतात, म्हणून दुखणं खुब्यात आणि तक्रार गुडघ्यात, असं मुलांमध्ये नेहमी होतं, हे त्या दिवशी कळलं.

जुलैच्या शेवटी निदान झालं: पर्थेस. पूर्ण नाव लेग-काल्व्हे-पर्थेस. बोस्टनचे आर्थर लेग, फ्रान्सचे जॅक काल्व्हे आणि जर्मनीचे गेऑर्ग पर्थेस या तिघांनी १९१० साली स्वतंत्रपणे या आजाराचं वर्णन केलं. त्यापूर्वी अशा मुलांना खुब्याचा क्षय झाला आहे असंच समजत. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला, त्यानंतर हाडाच्या आत काय चाललंय ते दिसू लागलं आणि हा क्षय नव्हे, हे उलगडलं.

आता हा आजार म्हणजे काय? खुब्याचा सांधा म्हणजे शाळेत शिकलेला उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं, त्याला डोकं म्हणतात. ते कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतं. पर्थेसमध्ये या डोक्याचा रक्तपुरवठा काही काळ बंद पडतो आणि तिथलं हाड मरतं. का बंद पडतो, याचं नेमकं कारण वैद्यकशास्त्राला अजून सापडलेलं नाही. उडी मारल्याने, कॅल्शियम कमी पडल्याने किंवा कुणाच्या दुर्लक्षाने हा होत नाही. बहुतेक मुलं चार ते आठ वर्षांच्या आसपासची असतात आणि मुलींपेक्षा मुलगे चार-पाच पटीने जास्त.

यातली चांगली बाजू अशी की मेलेलं हाड कायम तसं राहत नाही. रक्त पुन्हा येतं, शरीर जुनं हाड काढून टाकतं आणि नवं घालतं. आपल्या इमारतीचं प्लॅस्टर काढून नव्याने केलं तसंच. त्याचे चार टप्पे. पहिल्यात हाड मरतं. दुसऱ्यात त्याचे एक्स-रेवर तुकडे तुकडे दिसतात. तिसऱ्यात नवं हाड भरतं. चौथ्यात ते पक्कं होतं. या सगळ्याला दोन ते पाच वर्षं लागतात. अडचण एवढीच की मधल्या काळात डोकं मऊ असतं. उकडीचा गोळा वाटीत फिरवत ठेवला तर गोल राहतो. तोच अर्धा वाटीबाहेर लोंबकळत ठेवला तर वाटीचा काठ त्यात रुततो आणि गोळा चपटा होतो. डोकं चपटं झालं की ते तसंच पक्कं होतं आणि पुढे तरुणपणी किंवा प्रौढपणी सांधा झिजतो. म्हणून सगळ्या उपचारांचं सूत्र एकच: मऊ डोकं पूर्णपणे वाटीच्या आत ठेवायचं आणि वाटीलाच साच्याचं काम करू द्यायचं.

पूर्वी यासाठी मुलांना महिनोन्‌महिने, कधी वर्ष-दोन वर्षं अंथरुणात ठेवत. नंतर पाय फाकवून ठेवणारे पट्टे आले, दोन्ही पायांना प्लॅस्टर करून मध्ये आडवी काठी बांधण्याची पद्धत आली. मग शस्त्रक्रिया आल्या. त्या मुख्यतः कोणत्या, ते मला समजलं तसं सांगतो.

पहिली शस्त्रक्रिया मांडीच्या हाडावर, तिचं नाव फीमरल ऑस्टिओटॉमी. खुब्याच्या थोडं खाली मांडीचं हाड कापतात, त्याचा कोन आतल्या बाजूला बदलतात आणि पट्टी-स्क्रूने बसवतात. कोन बदलला की डोकं वाटीत खोल जातं. डॉक्टरांच्या दृष्टीने ही सरावाची शस्त्रक्रिया. तोटे असे की पाय थोडा आखूड होतो, काही काळ चालताना मूल एका बाजूला झुकतं आणि पट्टी काढायला पुन्हा एक शस्त्रक्रिया लागते. लहान वयात झाली तर बदललेला कोन वाढीबरोबर बराचसा पूर्ववत होतो.

दुसरी वाटीवर, साल्टर ऑस्टिओटॉमी. टोरांटोचे डॉ. रॉबर्ट साल्टर यांनी ती १९५७ मध्ये जन्मजात निखळलेल्या खुब्यासाठी प्रथम केली आणि पुढे ती पर्थेसलाही लागू झाली. यात वाटीच्या वर कमरेचं हाड कापून वाटी डोक्यावर पुढे आणि बाहेर झुकवतात. मधल्या फटीत कमरेच्याच हाडाच्या काठाचा तुकडा पाचरीसारखा ठोकतात आणि पिना घालतात. यात पाय आखूड होत नाही, किंचित लांबच होतो. मात्र शस्त्रक्रियेपूर्वी खुबा मोकळा हलत असावा लागतो, आणि पिना नंतर काढाव्या लागतात. आजार मोठा असेल किंवा मूल वयाने मोठं असेल तर या दोन्ही एकत्र करतात, किंवा कमरेचं हाड तीन ठिकाणी कापून वाटी जास्त फिरवतात.

तिसरी शेल्फ. ही आपल्याला पटकन समजेल, कारण तिचा अर्थ छज्जा. वाटीचा बाहेरचा काठ अपुरा पडतो, म्हणून त्याला जोडून हाडाचा छज्जा काढायचा, म्हणजे बाहेर डोकावणाऱ्या डोक्यावर छप्पर येतं.

चौथ्या प्रकारात पायाला बाहेरून सांगाडा बसवून डोकं वाटीपासून किंचित ओढून धरतात, म्हणजे त्यावरचा भार हलका होतो. हा मार्ग बहुधा मोठ्या वयाच्या किंवा उशिरा आलेल्या मुलांसाठी असतो. आणि डोकं चपटं होऊन गेल्यानंतरही काही शस्त्रक्रिया असतात. पण त्या साचा घडवण्याच्या नसतात. बिघडलेल्यातून जमेल तेवढं वाचवण्याच्या असतात. शेवटचा उपाय प्रौढ वयातलं सांधारोपण.

आता तुम्ही माझ्या जागी स्वतःला ठेवा. आम्ही तीन डॉक्टरांकडे गेलो. एक म्हणाले, थांबा, खेळ बंद करा, दर तीन महिन्यांनी एक्स-रे काढा. दुसरे म्हणाले, मांडीचं हाड कापून कोन बदलू. तिसरे म्हणाले, मी वाटी फिरवेन. मी बँकेतला माणूस. एका वहीत तीन रकाने आखले, फायदे-तोटे, खर्च, दिवस, जोखीम. तीन तज्ज्ञ आणि तीन उत्तरं म्हटल्यावर माझा निष्कर्ष असा की यांनाच काही नक्की माहीत नाही, मग घाई कशाला?

तो निष्कर्ष चुकीचा होता. तिघंही आपापल्या परीने बरोबर होते, हे मला फार उशिरा समजलं. अमेरिकेतल्या डॅलसचे डॉ. जॉन हेरिंग आणि सहकाऱ्यांनी ४३८ मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाच प्रकारचे उपचार होते: काहीच न करणं, नुसता व्यायाम, पट्टा, मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया आणि वाटीची शस्त्रक्रिया. त्यांनी एक्स-रेत डोक्याच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागाची उंची पाहिली. या भागाला ते ‘लॅटरल पिलर’ म्हणजे बाहेरचा खांब म्हणतात. आपण इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करताना कॉलम पाहतो, तसंच. खांब शाबूत असेल तर ए, उंची निम्म्याहून जास्त शिल्लक असेल तर बी, निम्म्याहून कमी असेल तर सी. बी आणि सीच्या सीमेवरचा आणखी एक गट.

निष्कर्ष असे. आजार आठ वर्षांच्या आत सुरू झाला असेल आणि खांब बी असेल, तर काहीही केलं तरी बहुतेक मुलांचं चांगलं होतं. आठ वर्षांनंतर सुरू झाला असेल आणि खांब बी किंवा सीमेवरचा असेल, तर शस्त्रक्रियेने नक्की फायदा होतो. खांब सी असेल तर शस्त्रक्रिया करूनही फारसा फरक पडत नाही. आणि मांडीचं हाड की वाटी, या दोन शस्त्रक्रियांच्या निकालांत फरक दिसला नाही. म्हणजे मी ज्या प्रश्नावर वहीची सहा पानं भरली, ‘कोणती शस्त्रक्रिया’, तो प्रश्न दुय्यम होता. मुख्य प्रश्न दोनच: वय किती आणि वेळ किती उरली?

वेळ म्हणजे काय, हे आपल्याच देशातल्या कामामुळे स्पष्ट झालं. दक्षिणेकडच्या पश्चिम किनारपट्टीवर हा आजार बराच आढळतो. मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजचे डॉ. बेंजामिन जोसेफ आणि सहकाऱ्यांनी बारा वर्षांखालच्या ६१० मुलांमध्ये हा आजार कसा पुढे सरकतो याचा अभ्यास करून तो २००३ मध्ये मांडला. त्यांना दिसलं की डोकं वाटीबाहेर सरकणं आणि चपटं होणं दुसऱ्या टप्प्याच्या उत्तरार्धात झपाट्याने वाढतं. म्हणून डोकं वाटीत बसवायची शस्त्रक्रिया त्याच्या आत व्हायला हवी. त्यानंतर साचा बसवून उपयोग नाही, कारण गोळा आधीच आकार घेऊन बसलेला असतो.

यातच खरी मेख आहे. बाहेरचा खांब किती ढासळणार, हे एक्स-रेवर नीट कळतं तेही दुसऱ्या टप्प्यातच. म्हणजे पक्की खात्री होईपर्यंत थांबलं तर उपचाराची मुदत निघून जाते. मुदतीत केलं तर पक्की खात्री नसते. सगळी कागदपत्रं पूर्ण झाल्याशिवाय मी आयुष्यात एक कर्ज मंजूर केलं नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. इथे कागदपत्रं पूर्ण होण्याची वाट पाहणं हेच नुकसान होतं. सहा वर्षांखालच्या मुलाला डॉक्टर थांबा म्हणतात ते बहुधा योग्य असतं. आमचा आठ वर्षांच्या वर होता. त्याच्यासाठी थांबणं योग्य नव्हतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी मला हे सांगितलं होतं, बरं का. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. पण कोवळ्या पोराच्या हाडाला करवत लावायची, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. मग मी कारणं काढत गेलो. गावाकडचा हाड बसवणारा बघू म्हटलं, त्यात दोन आठवडे गेले. त्याच्याकडे हाड बसवायला नेलं, पण इथे हाड मुळी निखळलेलंच नव्हतं! त्या वर्षी अधिक भाद्रपद होता, म्हणून अधिक महिन्यात नको. मग घरचा गणपती, आटोपू दे. गणपती गेले आणि पितृपक्ष लागला. मी म्हटलं, आता दसऱ्यानंतर बघू.

त्या रात्री सूनबाई, जी माझ्यापुढे कधी मोठ्याने बोलली नव्हती, ती म्हणाली, “बाबा, पितृपक्ष दर वर्षी येतो. याचं हाड दर वर्षी येणार नाही. आम्ही परवाची तारीख घेतली आहे.” मी रागावून गॅलरीत जाऊन बसलो. थोड्या वेळाने चिरंजीव शेजारी येऊन बसला. काही बोलला नाही. सकाळी मी पासबुक काढलं आणि बँकेत गेलो.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, पितृपक्षातच, शस्त्रक्रिया झाली. आधी भूल देऊन सांध्यात रंगद्रव्य सोडून पाहिलं की पाय फाकवल्यावर डोकं वाटीत बसतंय ना. बसत होतं. मग मांडीच्या हाडाचा कोन बदलला. बाहेर आल्यावर सर्जन म्हणाले, “वेळेत आहात. पण अगदी काठावर.” ‘काठावर’ हा शब्द अजून माझ्या कानात आहे.

त्यानंतरचे सहा आठवडे मात्र आपल्या सोसायटीचे आहेत, आणि स्मरणिकेत त्यांची नोंद झालीच पाहिजे. याला छातीपासून पायापर्यंत प्लॅस्टर, दोन्ही मांड्यांमध्ये आडवी काठी. असं मूल रिक्षात बसत नाही. ए विंगमधल्या एका गृहस्थांनी आपल्या ओम्नीची मागची सीट काढून गाडी पाठवली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट तेव्हा नव्हती. जिन्याच्या वळणावर प्लॅस्टर फिरेना. तेव्हा तळमजल्यावरच्या वहिनींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, “वर कशाला नेताय? हॉल रिकामाच आहे.” हॉल रिकामा नव्हता. त्यात त्यांचे सासरे झोपायचे. ते स्वयंपाकघरात झोपायला गेले आणि सहा आठवडे आमचा नातू त्यांच्या पलंगावर राहिला. ते आजोबा आज आपल्यात नाहीत. संध्याकाळी ते याला रामरक्षा म्हणायला लावायचे आणि हा त्यांना मोबाइलवरचा खेळ शिकवायचा.

प्लॅस्टर ओलं होऊ न देता मुलाला स्वच्छ ठेवणं किती कठीण असतं, ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. आत खाज सुटली की हा विणायची सुई मागायचा. ती द्यायची नाही, आत जखम होते, ही डॉक्टरांची सक्त ताकीद. सिस्टरताई रोज येऊन कुशीवर वळवून जायच्या. वर्गातली मुलं वह्या आणायची आणि खिडकीशी कॅरम मांडायची. त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत फाटकाशी उतरंड आणि जिन्याला दुसऱ्या बाजूने कठडा करायचा ठराव आला. मी तेव्हा खजिनदार होतो. खर्चाच्या ठरावाला मी विरोध केला नाही, अशी ती बहुधा पहिलीच सभा.

पुढे वॉकर, मग काठी, मग फिजिओथेरपी. पोहणं आणि सायकल चालेल, उड्या नकोत. दीड वर्षाने पट्टी काढली. पाचवीपासून शाळेत नियमित.

आता निकाल. आज तो वीस वर्षांचा आहे. उजवा पाय सुमारे एक सेंटिमीटर आखूड आहे, बुटात पातळ तळवा घालतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. डोकं पूर्ण गोल नाही. जरा लंबगोल झालंय, पण वाटीही त्याच्याशी जुळवून घडली आहे. चालणं, सायकल, किल्ले चढणं, सगळं करतो. दिवसभर क्रिकेट खेळला तर रात्री दुखतं. पन्नाशीनंतर सांधा कुरकुर करू शकतो, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय.

मी एकदा एकटाच त्या सर्जनकडे गेलो आणि विचारलं, “दोन महिने आधी आणला असता तर डोकं गोल राहिलं असतं का?” ते थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, “काका, याचं उत्तर एका मुलावरून देता येत नाही. शंभर मुलांवरून देता येतं. लवकर आलेल्यांत जास्त मुलांची बरी होतात. तुमचा त्यातला असता की नाही, हे कुणीच सांगू शकणार नाही.” हिशेब न जुळलेली अशी ही एकच वही माझ्याकडे आहे आणि ती जुळणार नाही.

हे मी नातवाची परवानगी घेऊन बोलतोय. तो मागे उभा आहे, साउंड सिस्टीम तोच सांभाळतोय. परवा त्याला विचारलं तर म्हणाला, “आजोबा, तुम्ही मनाला फार लावून घेता. पण सांगा सगळ्यांना. फक्त लांबवू नका.” तेव्हा आवरतं घेतो आणि आजी-आजोबांसाठी पाच गोष्टी सांगतो, कारण दिवसभर नातवंडं आपल्याच समोर असतात आणि लंगडणं आपल्यालाच आधी दिसतं.

एक. मूल चार-आठ दिवसांत लंगडायचं थांबलं नाही, तर त्याला नखरे म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा. लंगडण्याबरोबर ताप असेल किंवा मूल पाय टेकवतच नसेल, तर त्याच दिवशी न्या. सांध्यात पू झाला असेल तर तासांचा प्रश्न असतो.

दोन. गुडघा किंवा मांडी दुखते म्हणालं, तरी खुबा तपासायला सांगा. दोन्ही खुब्यांचा एक्स-रे, एक समोरून आणि एक पाय बेडकासारखे उघडून. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. लंगडणं चालूच राहिलं तर पुन्हा जा.

तीन. दहा ते पंधरा वयाचं मूल, विशेषतः अंगाने जाड, खुबा किंवा गुडघा दुखून लंगडत असेल, तर आणखी एक आजार असू शकतो. त्यात डोकं वाढीच्या जागेवरून घसरतं. त्याला चालवू नका, उचलून न्या.

चार. तान्ह्या बाळाचे पाय सरळ करून दुपट्यात घट्ट बांधू नका. पाय मोकळे, थोडे फाकलेले राहू द्या. कडेवर घेण्याची आपली जुनी पद्धत खुब्याला चांगलीच आहे.

पाच. शस्त्रक्रिया सांगितली तर घाबरून पळू नका आणि भारावून होही म्हणू नका. विचारा: आजार कोणत्या टप्प्यात आहे? याच्या वयाला थांबणं सुरक्षित आहे का? नाही केली तर काय होईल? केली तर नंतर दुसरी लागेल का? दुसरं मत जरूर घ्या. पण दुसऱ्या मताला तारीख घालून घ्या, आणि त्या तारखेला निर्णय घ्या. पंचांग चांगलं आहे, मीही बघतो. पण हाडाला पंचांग कळत नाही.

आपल्या सोसायटीला २५ वर्षं झाली. या काळात गळती, पाण्याची टाकी, पार्किंग यांवर आपण पुष्कळ भांडलो. पुढेही भांडू. पण तळमजल्यावरचा तो हॉल आठवला की मला वाटतं, आपण इथे घर घेतलं हा माझ्या आयुष्यातला एकमेव व्यवहार, ज्यात मी वेळेवर निर्णय घेतला. तळमजल्यावरच्या वहिनी समोर बसल्या आहेत. त्यांना मी त्या वेळी धन्यवाद म्हणालो नव्हतो. आज सगळ्यांसमोर म्हणतो.

धन्यवाद.